दोन काठांची नाणी

तेरेखोल खाडीच्या काठी चाललेले नाणे कधीच एका राज्याचे नव्हते. सावंतवाडी तालुक्यातले आरोंदा या खाडीच्या उत्तर काठावर आहे. समोरचा काठ पेडण्याचा, म्हणजे गोव्याचा. खाडीच्या मुखाशी, पण आरोंद्याच्याच बाजूच्या काठावर, तेरेखोलचा किल्ला उभा आहे आणि तो मात्र गोव्यात मोडतो. नकाशावरची ही गुंतागुंत नाण्यांतही उतरली आहे. १९६१ पर्यंत होडीने खाडी ओलांडली की राज्य बदले, कायदा बदले आणि खिशातल्या पैशाचे नावही बदले. या काठावरच्या नाण्यांचा इतिहास त्यामुळे एकाच वेळी सावंतवाडीचा, पणजीचा, कलकत्त्याचा आणि लिस्बनचा आहे. नाण्यांवरचे लेख देवनागरी, फारसी, लॅटिन, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा पाच भाषा-लिप्यांत विखुरलेले आहेत. एकट्या माणसाला ते सगळे वाचता येणे जवळजवळ अशक्य. नाणेसंग्राहकांच्या मंडळाचा उपयोग काय, हा प्रश्न मोठ्या शहरात हौसेचा वाटतो. आरोंद्यासारख्या गावात तो गरजेचा ठरतो.

खाडी ही सरहद्द नव्हती तेव्हाही येथे तऱ्हेतऱ्हेचे नाणे येत होते. गोव्याच्या कदंबांनी सोन्याचे गद्याणक पाडले. त्यांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख करणारा लेख असे. कदंबांचे हे कुलदैवत. त्याचे नार्वे येथील देऊळ पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवून घेतले. विजयनगरचे होन आणि त्यांचे अर्धे-पाव भाग दक्षिण कोकणात शतकानुशतके चालले; विजयनगर बुडाल्यावरही दक्षिणेत लोकांनी होन सोडला नाही. आदिलशाहीत दाभोळ बंदरात एक वेगळेच नाणे तयार होई. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची आणि तिच्यावर ठसा मारायचा, ही लारी. नाव आले इराणातल्या लार शहरावरून. इराणी आखात ते सिंहल असा सगळा सागरी व्यापार या वाकड्या तारेने चाले. दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लारी रत्नागिरी भागात साठ्यांनी सापडल्या आहेत. नाणे गोलच असते, असे धरून चालणाऱ्याच्या हाती लारी आली तर तो तिला मोडलेला दागिना समजून सोनाराकडे देईल, आणि असे घडणे मुळीच अवघड नाही.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पती’. पुढे ही शिवराई इतकी रुजली की महाराजांच्या नंतर दीडशे वर्षे निरनिराळ्या टांकसाळी तोच लेख छापत राहिल्या. अक्षरांचे वळण बदलले, ओळींमधल्या रेघा बदलल्या, वजन घटले, ‘दुदांडी’सारखी नावे पडली, लेख मात्र तोच राहिला. त्यामुळे हातात शिवराई आहे एवढ्यावरून ती शिवकाळातली आहे असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘महाराजांच्या हातचे नाणे’ म्हणून जपलेल्या शिवरायांपैकी बहुसंख्य पेशवाईतल्या किंवा त्याहून अलीकडच्या आहेत. हे सांगितले की घरची मंडळी खट्टू होतात, पण त्याला इलाज नाही. दहा-वीस शिवराया शेजारी शेजारी मांडल्या की अक्षरांतला फरक आपोआप डोळ्यांत भरतो. एकीवरून काहीच कळत नाही.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्याच वर्षी आफोंसु द आल्बुकेर्कने तेथे स्वतःचे नाणे पाडायला सुरुवात केली. सोन्याच्या आणि चांदीच्या नाण्यांबरोबर बाजारातल्या किरकोळ व्यवहारासाठी तांब्याची आणि पुढे कथलाची नाणी आली. यातले सर्वांत हलके नाणे बझारुको. मासे, भाजी, पानसुपारी त्यावर चाले. वरच्या हिशेबात शेराफिम आणि तांगा होते. शेराफिम हा शब्द ‘अश्रफी’चेच पोर्तुगीज रूप आहे. तीनशे रैस म्हणजे एक शेराफिम, साठ रैस म्हणजे एक तांगा. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर बसणारे सराफ भेटतात. मोठा व्यवहार त्यांनी नाणे पारखल्याशिवाय होत नसे, कारण खोटे नाणे फार होते.

सराफाची ही पारख हीच नाण्याच्या अभ्यासाची खरी सुरुवात म्हणायला हवी. सराफ नाणे हातात तोले, दगडावर वाजवून नाद ऐके, कडेवर नख फिरवी, कसोटीवर घासून कस पाही आणि मग बट्टा ठरवी. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी आणि इतर अनेक टांकसाळींचे रुपये एकत्र येत. प्रत्येकाचा दर वेगळा असे, आणि बट्ट्याचा हिशेब न कळणाऱ्या कुणब्याचे त्यात नुकसान ठरलेले. ज्ञान सराफाकडे आणि तोटा दुसऱ्याकडे, अशी ती विभागणी होती. संग्राहकांच्या मंडळाने पुढे जे केले ते नेमके याच्या उलट आहे. पारखण्याची विद्या एका पेढीवरून उठवून त्याने दहा जणांच्या मधोमध ठेवली.

खाडीवर सरहद्द आली ती अठराव्या शतकात. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने तो घेतला. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि खाडीचे दोन काठ दोन राज्यांचे झाले. नात्यागोत्याला, देवळांना आणि बाजारहाटाला ही रेघ मान्य नव्हती. उत्तर काठावर मराठी मुलखातले रुपये आणि शिवराया, दक्षिण काठावर रुपिया, शेराफिम आणि तांगा. जुन्या पोर्तुगीज हिशेबात एका रुपियाचे दोन शेराफिम, म्हणजे दहा तांगा, म्हणजे सहाशे रैस. इकडे रुपयाचे सोळा आणे. दहा आणि सोळा यांचा मेळ घालणारा हिशेब काठावरच्या दुकानदाराला तोंडपाठ ठेवावा लागे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. संस्थानी टांकसाळींची नाणी हळूहळू हटत गेली. गोव्यात मात्र जुनाच हिशेब चालू होता. तो बदलला २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने. हा करार इतिहासाच्या पुस्तकांत मुरगावचे बंदर, रेल्वे आणि मिठाचा मक्ता यांसाठी आठवला जातो. नाण्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. त्याने दोन्ही राज्यांत जकातीची एकी केली आणि गोव्याचा रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाबरोबर आणला. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, कसही तोच. इतकेच नव्हे, तर नवी नाणी कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीत पाडली गेली. १८८१ च्या रुपियावर पोर्तुगालचा राजा पहिला लुईश याचे मस्तक आहे, लेख लॅटिनमध्ये आहे आणि मागे पोर्तुगीज राजचिन्हाभोवती ‘पोर्तुगीज इंडिया’ या अर्थाचे शब्द आहेत. एका रुपियाचे आता सोळा तांगा झाले, म्हणजे ९६० रैस. तांगा आणि आणा एका पातळीवर आले. पाव तांग्याचे तांब्याचे नाणे आपल्या पैशाच्या बरोबरीचे झाले.

काठावरच्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. राणीछाप रुपया आणि लुईशचा रुपिया तराजूत सारखेच उतरत, आणि चांदी हाच विश्वास असलेल्या काळात मस्तक कोणाचे हा प्रश्न दुय्यम होता. ब्रिटिश रुपया गोव्याच्या बाजारात सर्रास चाले. करार १८९२ च्या जानेवारीत संपला आणि जकातीच्या चौक्या परत आल्या, तरी रुपियाचे वजन बदलले नाही. पहिला कार्लुश याच्या नावाचा रुपिया १९०३-०४ चा. राजेशाही गेल्यावर १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचा रुपिया निघाला. त्यावर राजाऐवजी स्त्रीरूपातले प्रजासत्ताक आहे. लुईश, कार्लुश आणि प्रजासत्ताक हे तीन रुपिये ओळीत ठेवले की तीस वर्षांचे पोर्तुगालचे राजकारण बोटाएवढ्या जागेत मावते. त्याच ओळीखाली व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज मांडले की तेरेखोलच्या दोन्ही काठांचा एक पट तयार होतो. असा पट मांडायला संग्रह फार मोठा लागत नाही. सहा नाणी पुरतात. मात्र ती सहा एकाच घरी असतील असे नाही.

चांदी पातळ होऊ लागली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश रुपयातली चांदी १९४० पासून निम्म्यावर आली. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. गोव्याच्या रुपियातली चांदीही १९४७ मध्ये निम्मी झाली आणि १९५२ मध्ये ती नाहीशीच झाली. चांगले नाणे लपते आणि हलके नाणे बाजारात फिरते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम कोकणातल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होता. जुना रुपया हातात आला की तो खर्चायचा नाही, तो लुगड्याच्या घडीत जायचा. आज जुन्या घरांत जे चांदीचे रुपये निघतात त्यांतले पुष्कळसे याच सवयीने वाचले आहेत.

स्वातंत्र्यानंतर खाडीची सरहद्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बंद झाली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी कडक केली. याच काळात दोन्ही काठांनी आपापले जुने आणे-तांगा सोडले. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पोर्तुगीज सरकारने १९५८-५९ मध्ये रुपिया काढून एस्कुदो आणला. एका रुपियाचे सहा एस्कुदो आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव्हो. दहा, तीस, साठ सेंताव्हो आणि एक, तीन, सहा एस्कुदो अशी नाणी निघाली. या विचित्र वाटणाऱ्या आकड्यांचा उलगडा जुन्या दराने होतो. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया, तीन म्हणजे अर्धा. साठ सेंताव्हो म्हणजे रुपियाचा दहावा भाग आणि तीस म्हणजे विसावा. लोकांची मोजण्याची सवय न मोडता नाव तेवढे बदलायचे, असा तो घाट होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि या नाण्यांचे चलन संपले. सुमारे तीन वर्षांचे आयुष्य लाभलेली ही नाणी गोव्याच्या चलनाच्या इतिहासातले शेवटचे पान आहेत. दिसायला ती साधी, धातूही स्वस्त, त्यामुळे ती जपून ठेवावीत असे फार थोड्यांना वाटले.

नाणी जपण्याची कोकणातली पद्धत भक्तीची आणि बचतीची आहे, अभ्यासाची नाही. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये दुधात धुऊन, हळदकुंकू वाहून पुजायचे. लग्नात ओटीत रुपया घालायचा. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची पुतळी झाली आणि पुतळ्यांची माळ गळ्यात आली. रुपयालाही नाके डकवून हार केले गेले. या सगळ्यात नाणे टिकले, पण पुष्कळदा जखमी होऊन. नाके डकवलेल्या नाण्याचा लेख अर्धा झाकला जातो, दरवर्षी घासल्याने मस्तकाचा उठाव जातो. तांब्याची नाणी तर चिंच, कोकम किंवा राख लावून लखलखीत करण्याची पद्धत आहे. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट-काळसर थर चढतो आणि घरच्यांना तो मळ वाटतो. संग्राहकाला तोच थर हवा असतो. शतकभरात चढलेला हा थर नाण्याचे संरक्षण करतो. चिंचेने तो पाच मिनिटांत उतरतो आणि त्याबरोबर नाण्याची निम्मी किंमत आणि अक्षरांच्या बारीक कडा जातात. नाणे घासू नये, ही कोणत्याही मंडळात नव्या माणसाला मिळणारी पहिली सूचना. ती उशिरा मिळाल्याचे दुःख बहुतेक जुन्या संग्राहकांच्या वाट्याला आलेले असते.

नाण्यांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणारा या भागातला पहिला मोठा माणूस खाडीच्या पलीकडचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म पेडणे महालातल्या मांद्र्याचा. मुंबईत वैद्यकी करता करता त्यांनी शिलालेख, ताम्रपट आणि प्राचीन नाणी यांचा ध्यास घेतला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यावर निबंध वाचले. त्यांनी १८६१ पासून हाताशी धरलेला जुनागडचा तरुण म्हणजे भगवानलाल इंद्रजी. भाऊ दाजींसाठी देशभर फिरून लेखांचे ठसे आणि नाणी गोळा करणाऱ्या या माणसाने पुढे पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवरचे राजांचे, त्यांच्या वडिलांचे नाव आणि शक वर्ष वाचून त्या घराण्याची वंशावळ उभी केली. त्याआधी ही नाणी अनेकांच्या पेट्यांत पडून होती. एकेकटे नाणे एका राजाचे नाव सांगे. शेकडो नाणी एका माणसासमोर आली तेव्हा तीनशे वर्षांचा इतिहास ओळीने उभा राहिला. मंडळाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि तो आपल्याकडे मंडळे स्थापन होण्याआधीच भाऊ दाजी आणि भगवानलाल या दोघांच्या सहवासात दिसून आला होता.

याचेच दुसरे उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे. १९०६ मध्ये तेथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहन राजाने क्षत्रपाचा पराभव करून त्याच्याच चांदीवर आपले नाव उमटवले, ही गोष्ट एवढ्या नाण्यांनी एकत्र सांगितली तेव्हा तिच्याबद्दल शंका उरली नाही. हाच साठा सापडल्या दिवशी चार सराफांत वाटला गेला असता तर प्रत्येकाकडे काही विचित्र दुहेरी ठशांची नाणी उरली असती, आणि ती वितळवली गेली असती.

युरोप-अमेरिकेत नाणेसंग्राहकांच्या संघटना त्याआधीच उभ्या होत्या. लंडनची संस्था १८३६ ची, न्यूयॉर्कची १८५८ ची. भारतात १९१० मध्ये अलाहाबादला न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली; तिचे नियतकालिक १९३९ पासून निघू लागले आणि तिचे ठाणे पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले. त्याच १९१० मध्ये पुण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झाले. कागदपत्रांसाठी ते प्रसिद्ध असले तरी त्याच्या संग्रहात नाणीही आहेत. महाराष्ट्रातली या विषयाची सर्वांत भक्कम संस्था मात्र नाशिकजवळ अंजनेरीला आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था १९८० मध्ये के. के. माहेश्वरी आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केली. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणी यांवरचा ग्रंथ तिनेच १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी मुलखातले नाणे ओळखायचे तर आजही या पुस्तकाला पर्याय नाही. विगिन्स इंग्लंडमधला हौशी संग्राहक, माहेश्वरी उद्योगक्षेत्रातले. दोघेही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. या विद्येत हौशी माणसाने तज्ज्ञाच्या बरोबरीने काम केल्याची उदाहरणे फार आहेत, आणि ती बहुतेक मंडळांच्या आधाराने घडली आहेत.

हौशी मंडळांपैकी पुण्यातली इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटेम्स आणि मुंबईतली मुंबई कॉइन सोसायटी ही नावे महाराष्ट्रात परिचित आहेत. पुण्याच्या संस्थेचे ‘कॉइनेक्स’ प्रदर्शन संग्राहकांची वारीच असते. अशा मंडळांचा रोजचा व्यवहार मात्र प्रदर्शनापेक्षा साधा आहे. महिन्यातून एकदा बसायचे, पाच-सहा जणांनी आपली नाणी काढायची, एकाने एखाद्या नाण्यावर बोलायचे, दुसऱ्याने त्यात चूक काढायची, आणि शेवटी दुबार नाण्यांची अदलाबदल करायची. या अदलाबदलीत पैसा फारसा फिरत नाही. ज्याच्याकडे भोकाचे चार पैसे आहेत तो त्यांतला एक देऊन पाव तांगा घेतो. महागडे कॅटलॉग एकाने घ्यायचे आणि सगळ्यांनी वापरायचे. एका ग्रॅमचे शंभर भाग मोजणारा काटा मंडळात एक असला तरी पुरतो. शाळकरी मुलाला येथे जे मिळते ते पाठ्यपुस्तकात मिळत नाही: गौतमीपुत्राचे नाव त्याने परीक्षेसाठी पाठ केलेले असते, येथे ते नाव त्याच्या तळहातावर येते.

खोट्या नाण्यांपासून बचाव हा मंडळाचा आणखी एक ठळक उपयोग. राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे आणि ‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी’ असा मजकूर असलेली तांब्याची नाणी जत्रांत, फुटपाथवर आणि अलीकडे मोबाइलवरही लाखांच्या भावाने विकायला येतात. कंपनीने असले नाणे कधीच पाडले नाही; ती पूजेसाठी केलेली अलीकडची पदके आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ ची पाच आणि दहा रुपयांची नाणी खरी असली तरी ती लाखाला जातात ही अफवा आहे. या अफवांच्या आधारे ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ म्हणून फसवणूक इतकी वाढली की रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना जाहीर इशारा दिला: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. शिवराई होनाच्या नकला तर इतक्या आहेत की होन दाखवणाऱ्याकडे जाणकार आधी संशयानेच पाहतो. मंडळात बसलेल्या माणसाला हे सगळे पहिल्या दोन-तीन बैठकांत कळते. एकटा माणूस ते पैसे गमावून शिकतो.

मंडळांची दुसरी बाजूही आहे. जेथे व्यापारी सभासदांचे पारडे जड होते, तेथे बोलणे दराभोवती फिरू लागते आणि नाणे कोठे सापडले हा प्रश्न कोणी विचारत नाही. विक्रेत्यालाही तो नको असतो. लिलावांची चटक लागलेला संग्राहक दुर्मीळ नाण्यामागे धावतो आणि आपल्याच गावच्या साध्या नाण्याकडे पाठ फिरवतो. संग्राहक गेल्यावर काय, हा प्रश्न तर बहुतेक घरांत अनुत्तरित असतो. वारसांना त्यात रस नसतो, भंगाराचा भाव काढला जातो. मंडळात नोंदवही असेल, प्रत्येक नाण्यासमोर ते कोठून आले हे लिहिलेले असेल, तर संग्रह विकला गेला तरी माहिती उरते. वस्तुसंग्रहालयाला नाण्याइतकीच ही वही हवी असते.

कायद्याची माहिती हाही मंडळात सहज मिळणारा लाभ आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर ती गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक साठा तिच्यात येतो. मालकी सांगणारा कोणी पुढे आला नाही आणि सरकारने ठेवा घेतला नाही, तर तीन चतुर्थांश भाग सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा, अशी वाटणीही त्यात आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या नातवाच्या हाती आठवण म्हणून राणीछाप रुपया देणाऱ्या आजीला हे ठाऊक नसते. चलनी नाणी वितळवणे तर २०११ च्या नाणे अधिनियमाने गुन्हा ठरवले आहे.

तेरेखोलच्या काठासाठी नाणेसंग्राहकांचे मंडळ व्हायचे तर ते दोन्ही काठांचे असावे लागेल. पोर्तुगीज लेख वाचणारी वयस्कर मंडळी पेडणे आणि पणजीच्या बाजूला आहेत, मोडी आणि संस्थानी कागद वाचणारी सावंतवाडीच्या बाजूला. एकाला तांग्याचा हिशेब येतो, दुसऱ्याला बट्ट्याचा. बैठकीसाठी गावातले वाचनालय किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. सुरुवात दुर्मीळ नाण्यांनी करण्याचे कारण नाही: १९५९ चा एस्कुदो आणि १९५७ चा नवा पैसा, दोन्ही काठांवरच्या फडताळांत अजून मिळण्यासारखे, आणि त्यांवरची माणसांची आठवणही अजून जिवंत आहे. ती सांगणारे आता सत्तरी ओलांडलेले आहेत. नाणे कागदाच्या पाकिटात ठेवावे, प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत नको, आणि पाकिटावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणाच्या घरातले, कोणत्या वाडीतले, केव्हा मिळाले, देणाऱ्याने काय सांगितले. चिंच लावू नये.